स्मार्टफोन नसेल, किंवा असून फुटलेला असेल, तर कामे कशी करायची?

सूतगिरणी (धागाकर्ता) :

हा धागा काढण्यामागे स्मार्टफोनला नावे ठेवण्याचा हेतू नाही. नातवंडांचे चेहरे रोज पाहायला मिळतात, गाडी किती उशिराने धावते आहे ते घरबसल्या कळते, आणि ज्याला साठीनंतर कीर्तन ऐकावेसे वाटते त्याला ते हवे तेव्हा ऐकता येते; हे सगळे मला मान्य आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. बाळगायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असलेली ही वस्तू गेल्या काही वर्षांत सक्तीची होऊन बसली, आणि ती सक्ती नेमकी कोणी, कोणत्या कागदावर केली हे विचारले तर कोणीच सांगत नाही. त्यातही सक्तीची झालेली ही वस्तू काचेची आहे.

माझा फोन मध्यंतरी जिन्यात पडला. उंची फार तर कमरेइतकी असेल, पण तो कोपऱ्यावर पडला आणि पडदा निम्मा काळा, निम्मा हिरव्या रेघांचा झाला. आतले यंत्र शाबूत होते. घंटी वाजत होती, परंतु कोणाचा फोन आहे ते दिसत नव्हते, आणि उचलायचा म्हटले तर बोट जिथून सरकवायचे तेवढाच भाग मेलेला होता. सुटा भाग पुण्याहून मागवावा लागेल असे कळले, आणि तो येईपर्यंत जे जे अडले ते इथे नीट मांडतो, कारण तक्रार मोघम राहिली की तिला कोणी उत्तर देत नाही.

आमच्या सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. ते कोणत्या दिवशी, किती वाजता सुटणार ही खबर पूर्वी पाणी सोडणारा चावीवाला चौकात सांगून जात असे. आता तो ‘व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलंय की काका’ म्हणतो आणि पुढे जातो. सौभाग्यवतींच्या रक्त तपासणीचा अहवाल ‘व्हॉट्सॲपवर पाठवला आहे’ असे एका प्रयोगशाळेत सांगण्यात आले. छापील प्रत मागितली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी ताम्रपट मागत होतो. एका बँकेत पासबुक छापण्याचे यंत्र बंद होते आणि शिल्लक विचारली तर ‘ॲप घ्या ना आजोबा, सगळे त्यातच दिसते’ हे उत्तर मिळाले. यातले एकही काम असे नव्हते की ज्याला काचेचा पडदा खरोखर लागावा.

इथे एक भेद करणे मला महत्त्वाचे वाटते. फोन असण्याची अपेक्षा आणि स्मार्टफोन असण्याची अपेक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅसचा सिलिंडर साध्या फोनवरून मिस्ड कॉल देऊन नोंदवता येतो आणि तो घरी आणून देताना विचारला जाणारा कोड साध्या संदेशातून येतो. ही व्यवस्था माझ्या ऐंशी वर्षांच्या बहिणीलाही जमते. आधारचा ओटीपीसुद्धा बटणांच्या फोनवर येतोच. म्हणजे जिथे ठरवले तिथे साध्या फोनवर भागते. जिथे ॲपशिवाय गत्यंतर ठेवलेले नाही, तिथे सेवा देणाऱ्याने आपली खिडकी, आपला कारकून आणि आपला कागद वाचवला आहे आणि त्या बचतीचा खर्च आपल्या खिशावर टाकला आहे. रेशनच्या दुकानात येताना तराजूही तुम्हीच घेऊन या, असे सांगण्यासारखे हे आहे. तो तराजू आपणच विकत घ्यायचा, रोज चार्ज करायचा, पडला तर आपणच दुरुस्त करायचा, आणि तो धडधाकट असला तरी चार-पाच वर्षांनी ‘या आवृत्तीवर ॲप चालणार नाही’ असे ऐकून बदलायचा. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा सक्ती करणाऱ्यांपैकी एक जण या खरेदीवर करही घेतो, हेही जाता जाता नोंदवतो.

आपल्यापैकी कोणाचे काम केवळ स्मार्टफोन नसल्यामुळे किंवा बिघडल्यामुळे अडले, आणि त्यातून मार्ग काय निघाला, हे कृपया लिहावे. ‘मुलाला सांगा’ हा सल्ला देऊ नये. मुलगा चिंचवडला असतो.

फोल्डरवाला :

काका, मी नवी पेठेत मोबाइल दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या काचेच्या बाजूबद्दल लिहितो.

पूर्वीच्या फोनमध्ये वरची काच, तिच्याखालचा स्पर्श ओळखणारा थर आणि चित्र दाखवणारा पडदा हे वेगवेगळे असत. काच फुटली की ‘टच’ बदलायचा, दोन-चारशे रुपयांत गिऱ्हाईक मोकळे. आता हे तिन्ही थर पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले असतात. त्यामुळे फोन पातळ होतो, चित्र काचेवरच उमटल्यासारखे दिसते. पण वरच्या काचेला तडा गेला तरी हा संपूर्ण जोड, ज्याला आम्ही फोल्डर म्हणतो, बदलावा लागतो. दहा-बारा हजारांच्या फोनचा चांगला फोल्डर तीन-चार हजारांना पडतो. एवढे पैसे ऐकून निम्मे लोक फोन परत खिशात घालतात आणि तडा गेलेल्या काचेवर टफन ग्लास चिकटवून घेतात. फक्त काच बदलण्याची सोय आहे, नाही असे नाही. पडदा गरम पाटावर ठेवून तारेने काच सोडवायची, जुना गोंद पुसायचा, नवीन गोंदाचा कागद लावून यंत्रात दाबून बुडबुडे काढायचे. परंतु आतला पडदा कागदाइतका नाजूक असल्याने तो या उलाढालीत गेला तर नुकसान कोणाचे, हे आधीच बोलून घ्यावे लागते.

आपल्या गावाचे दोन खास विकार सांगतो. पहिला सुताचा. यंत्रमागावर आणि टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्यांचे फोन ‘चार्ज होत नाही’ म्हणून येतात, आणि दहापैकी बऱ्याच वेळा बिघाड काहीच नसतो. चार्जिंगच्या खोबणीत सुताची बारीक लव दाबून दाबून इतकी घट्ट बसलेली असते की ती सुईने उकरून काढली तर नमद्याच्या तुकड्यासारखी अखंड निघते. याचे मी पैसे घेत नाही. मात्र हेच लोक दुसरीकडे जाऊन चार्जिंगचा जॅक बदलून आलेले असतात.

दुसरा विकार उन्हाचा. आयफोनच्या माहितीत तो ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असे कंपनीनेच म्हटले आहे, आणि लिथियम बॅटरीचे रसायनशास्त्र सगळ्याच फोनना सारखे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. फोन गरम झाला की आधी उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग बंद पडतो. हे तो स्वतःला वाचवण्यासाठीच करतो, पण नेमके पैसे द्यायच्या वेळी करतो. उन्हाळाभर असे चालले की बॅटरी फुगते आणि आतून पडद्याला ढकलते. अशा फोनला दाबून बसवू नये, चार्जिंगला तर अजिबात लावू नये.

आपल्यासाठी तातडीचा उपाय : फुटलेल्या फोनमधले सिम काढून बटणांच्या फोनमध्ये घाला. ओटीपी आणि बँकेचे संदेश येत राहतील. त्यामुळे ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेले सिम, घेण्याआधी दोनदा विचार करा, कारण ते असे काढून दुसरीकडे घालता येत नाही.

तेंदूपान :

आपण दोघांनीही काचेबद्दल लिहिले, मी बोटांबद्दल लिहिते.

माझी आई लहानपणापासून विड्या वळते. मांडीवर सूप, त्यात कातरलेली पाने आणि तंबाखू. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. इतक्या वर्षांत तिच्या अंगठ्याची आणि तर्जनीची टोके इतकी गुळगुळीत आणि कोरडी झाली आहेत की फोनचा पडदा तिचे बोट बोटच मानत नाही. ती दोनदा टेकवते, काही होत नाही. तिसऱ्यांदा जोरात दाबते, तर भलतेच काहीतरी उघडते. मग ती फोन माझ्याकडे देते आणि ‘मला येत नाही’ म्हणते. तिला सगळे येते. हिशेब तोंडी करते, तेलुगू, मराठी, कन्नड तिन्ही बोलते. ठशाच्या यंत्रावरही तीच गत. रेशन घेताना ठसा जुळेपर्यंत मागच्या बायका खोळंबतात.

विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती आता राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावी लागते. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी २०२५ मध्ये आधारशी जोडलेल्या क्रमांकावर ओटीपी यायचा होता, आणि आमच्या पेठेतल्या कित्येक घरांत एकच फोन असून तो कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. तो दुपारी यंत्रमागाच्या खडखडाटात फोन उचलणार, ओटीपी ओरडून सांगणार, आणि तोवर त्याची मुदत संपणार. शेवटी सेवा केंद्रावर पैसे देऊन काम करून घेतले जाते. काका म्हणतात तो भेद मला पटतो, पण साध्या फोनवर ओटीपी येतो एवढ्याने आमचे भागत नाही, कारण व्यवस्था ‘एक माणूस, एक फोन’ हे धरूनच आखलेली असते.

हुतात्मा एक्सप्रेस :

सर्वांबद्दल आदर राखून थोडा विरोधी सूर लावतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, घर जुळे सोलापुरात. ज्या खिडक्यांची आठवण धागाकर्ते काढत आहेत त्या खिडक्यांसमोर माझे वडील तासन्‌तास उभे राहिलेले मी पाहिले आहेत. सातबारा काढायला तलाठ्याच्या मागे फिरणे, ‘साहेब जेवायला गेलेत’, ‘उद्या या’ हे सगळे आपण इतक्या लवकर विसरलो का? आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत निघतो आणि त्यासाठी कोणाला चहा पाजावा लागत नाही. कागदाची व्यवस्था समांतर ठेवायची म्हणजे दोन्हींचा खर्च करायचा, आणि तो शेवटी करदात्यानेच भरायचा. फोन फुटतात हे मान्य, परंतु चांगले कव्हर आणि पडद्याचा विमा हे उपाय आहेतच.

सूतगिरणी (धागाकर्ता) :

आपला मुद्दा रास्त आहे आणि जुन्या खिडकीचे गुणगान करण्याची माझी इच्छा नाही. परंतु आपण जे उदाहरण दिले आहे ते माझ्याच बाजूचे आहे. सातबारा संकेतस्थळावर मिळतो; तो कोणत्याही संगणकावर, कोणत्याही केंद्रावर काढता येतो, त्यासाठी माझ्या खिशात विशिष्ट वयाचा, विशिष्ट आवृत्तीचा फोन असावा लागत नाही. माझा आक्षेप संगणकीकरणावर नाही. काम माझे आणि यंत्रही माझेच हवे, आणि ते नसेल तर माघारी जा, या अटीवर आहे. कव्हर आणि विम्याबद्दल एवढेच म्हणतो की सक्तीच्या वस्तूचा विमाही मीच उतरवायचा, हे तर माझ्या तक्रारीचे पुढचे कलम झाले.

पाटीपेन्सिल :

मी अंगणवाडी सेविका आहे. ‘स्मार्टफोन असण्याची अपेक्षा’ नोकरीतच आली की काय होते ते सांगते.

आमच्या कामाची नोंद २०२१ पासून पोषण ट्रॅकर या केंद्र सरकारच्या ॲपमध्ये करावी लागते. त्यासाठी सरकारने दिलेले फोन २ जीबी रॅमचे, म्हणजे कमी ताकदीचे होते. वजन-उंचीची नोंद भरायला घेतली की फोन तापायचा, अडकायचा, आणि भरलेली माहिती पुसून जायची. ॲपची भाषा इंग्रजी, आणि दुरुस्तीचा खर्च मात्र सेविकेच्या अंगावर. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. वर्तमानपत्रांतून तेव्हा ‘सेविकांचा मोबाइलला विरोध’ असे छापून आले, ते मला आजही खटकते. आमचा विरोध मोबाइलला नव्हता. ज्या यंत्रावर काम होऊच शकत नाही त्या यंत्रावर काम झाले नाही म्हणून आम्हाला जाब विचारला जात होता, त्याला होता.

पुढे १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा ॲपमध्ये जुळवणे सक्तीचे झाले. आता दारात बाळाला कडेवर घेतलेली आई उभी आहे, ती कोण हे मला माहीत आहे, तिचे बाळंतपण झाले तेव्हापासून माहीत आहे. तरी कॅमेऱ्याला ती पटेपर्यंत तिला उजेडाकडे तोंड करा, डोक्यावरचा पदर मागे घ्या, परत उभ्या राहा असे सांगत बसावे लागते. रेंज गेली तर ‘ताई, परत येते’ म्हणून ती जाते. तिची मजुरी बुडते, आणि ती मनातून मलाच दोष देते.

फोल्डरवालादादा, माझ्या फोनलाही तडा आहे. कोपऱ्यातला आहे, म्हणून चालवून घेते.

स्पर्शरेषा :

मी पूर्णतः दृष्टिहीन आहे आणि हा प्रतिसाद फोनवर बोलून लिहितो आहे, त्यामुळे माझी बाजू दोन्हीकडची आहे.

स्मार्टफोनने मला जे दिले ते कोणत्याही खिडकीने कधी दिले नव्हते. पत्र कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागत नाही. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी आणलेल्या ‘मनी’ या ॲपसमोर नोट धरली की ती किती रुपयांची हे ऐकू येते, आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. दुकानदाराने शंभरची म्हणून पन्नासची टेकवली तर आता मी तिथल्या तिथे बोलू शकतो. त्यामुळे ‘पूर्वीचे बरे होते’ या सुरात मी सूर मिसळणार नाही.

मात्र हाच फोन हातातून निसटला की माझे काय होते, याचा विचार करावा. बटणांच्या फोनवर पाचच्या कळीवर उंचवटा असायचा, त्यावरून सगळा पट हाताला पाठ होता. काचेवर हाताला काहीच लागत नाही; आवाज आहे तोवर ती माझी वाट आहे, तो गेला की सपाट तुकडा. आणि काही ठिकाणी केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्यास सांगतात, ते मी कसे आणि केव्हा करायचे?

याच प्रश्नावर आम्लहल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्ती सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमाखालील जीविताच्या अधिकाराचा भाग मानला, डोळे मिचकावण्याखेरीज अन्य मार्ग ठेवण्यास सांगितले, आणि कागदावरील केवायसीची पद्धत चालू ठेवण्याचाही निर्देश दिला. धागाकर्त्यांनी ही शेवटची ओळ लक्षात ठेवावी. हुतात्मा एक्सप्रेस यांना समांतर व्यवस्था खर्चिक वाटते. न्यायालयाला ती आवश्यक वाटली.

माणदेशी :

सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः ई-पीक पाहणीच्या ॲपवर, शेतात उभे राहून, फोटो काढून करायची आहे. कल्पना चांगली आहे, तलाठ्याने घरी बसून पेरे लिहिण्यापेक्षा शंभरपटीने चांगली. परंतु शेत हे फोनचे ठिकाण नाही. ठिबकच्या नळीचा ड्रीपर मोकळा करायला वाकले की वरच्या खिशातून फोन सटकतो आणि खाली एक तर दगड असतो, नाहीतर चिखल. माझे दोन फोन असेच गेले. शेजारच्या बापूंकडे फोनच नाही. त्यांची नोंद माझ्या फोनवरून करतो, तशी सोय ॲपमध्ये आहे, हे मान्य केले पाहिजे. पण माझ्या फोनला काही झाले तर आता आमच्या दोघांच्याही नोंदी अडतात, आणि नोंद नसली तर नुकसानभरपाईच्या वेळी पंचाईत.

रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणे सक्तीचे झाले, तेव्हाही हेच पाहिले. फोन ज्याच्या हातात त्याचा, आणि तो बंद पडला तर मजुरी उन्हात राबलेल्यांची अडते.

पासबुक :

मी एका बँकेत अधिकारी आहे. कोणत्या ते विचारू नये. धागाकर्त्यांना शाखेत मिळालेले उत्तर चुकीचे होते, आणि ते का मिळते हेही मला माहीत आहे. ॲप किती ग्राहकांकडे सुरू करून दिले याचा हिशेब वरून मागितला जातो, किती पासबुके छापली याचा मागितला जात नाही.

काही उपयुक्त माहिती देतो. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून देण्याची सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे, पण ती सोय आहे, अट नव्हे. शाखेत समक्ष जाऊन दाखला देता येतो आणि टपाल खात्याचा पोस्टमन घरी येऊन, ७० रुपये शुल्क घेऊन, तो काढून देतो. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये ७० वर्षांवरील ग्राहकांना आणि दिव्यांगांना घरपोच बँकसेवा देण्याबाबत बँकांना सूचना दिलेल्या आहेत. शाखेत त्यांचा उल्लेख केला की बोलण्याचा सूर बदलतो.

साध्या फोनवरून पैसे पाठवण्याचे दोन मार्ग आहेत. एक *९९# हा क्रमांक फिरवून; त्यावर एका वेळी ५,००० रुपयांची मर्यादा आहे, आणि तो सगळ्या नेटवर्कवर सारखा चालत नाही. दुसरा ‘यूपीआय १२३पे’, जो मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी सुरू झाला. यात एका क्रमांकावर फोन करून, सूचना ऐकत, कळा दाबून पैसे पाठवता येतात. त्याची मर्यादा ५,००० वरून १०,००० रुपये करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. आता याची दुसरी बाजू : मंगळवार पेठेतल्या दुकानात उभे राहून हे करून पाहा. दुकानदार क्यूआरच्या पाटीकडे बोट दाखवतो, मागचा माणूस उसासे टाकतो. सोय कागदावर असणे आणि गर्दीत वापरता येणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढण्यासाठी आम्ही बँकांनी काहीही केलेले नाही.

फोल्डरवाला :

पाटीपेन्सिलताई, कोपऱ्यातला तडा कधीही वाढू शकतो, पावसाळ्यात तर जास्तच जपा. ओल आत जाते आणि पडद्यावर कडेने काळा डाग पसरू लागतो. तेवढे दिसले तर थांबू नका, माहिती दुसरीकडे उतरवून घ्या. पडदा पूर्ण गेल्यावर ती काढणे अवघड होते, कारण पासवर्ड टाकायलाच जागा राहत नाही.

विम्याबद्दल : घेण्याआधी अटी वाचा. पाण्याने झालेले नुकसान बऱ्याच योजनांत वगळलेले असते, आणि ‘आयपी ६८’ (पाणी आणि धूळ सोसण्याची श्रेणी) लिहिलेल्या फोनचीही पाणी गेल्यास हमी बहुतेक कंपन्या देत नाहीत.

मूळ दुखणे हे आहे की दुरुस्ती सोपी असावी असे बनवणाऱ्यावर बंधन नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनवर तो पडझड किती सोसतो आणि दुरुस्तीला किती सोपा आहे याची श्रेणी छापावी लागते, आणि मुख्य सुटे भाग विक्री बंद झाल्यानंतरही सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि दुरुस्ती-सुलभता निर्देशांकासाठीच्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला. माझ्या दुकानात अजून तरी कोणी श्रेणी छापलेला फोन घेऊन आलेले नाही. लोक कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारून फोन घेतात. याचा फोल्डर केवढ्याला पडतो, हे दुकानात कोणी विचारत नाही. विचारावे.

सूतगिरणी (धागाकर्ता) :

सर्वांचे आभार. माझा फोन दुरुस्त होऊन आला आहे, पण सिम मी बटणांच्या फोनमध्येच ठेवले आहे.

एक प्रस्ताव मांडतो. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे आपण सर्वांनी मिळून एक निवेदन द्यावे : ज्या शासकीय कामासाठी ॲप वापरले जाते, त्या प्रत्येक कामाला समक्ष जाऊन करण्याचा मार्ग खुला असावा आणि त्याची पाटी कार्यालयात मराठीत लावलेली असावी.

तेंदूपान :

काका, निवेदन जरूर द्या, पण लोकशाही दिनात तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते आणि अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात द्यावा लागतो. धोरणाची सामूहिक मागणी तिथे परत करतील. त्यापेक्षा ज्याचे जे काम अडले त्याचा त्याने स्वतंत्र अर्ज करावा. आईचा मी लिहिते. खासगी प्रयोगशाळा, बँका यांच्या तक्रारी तिथे चालणार नाहीत, त्या वगळाव्या लागतील.

दुसरे असे की, ज्या कार्यालयात ‘ॲपशिवाय होत नाही’ असे तोंडी सांगतात, तिथे आधी माहिती अधिकारात विचारावे. साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. प्रश्न एवढाच : ‘या सेवेसाठी अर्जदाराकडे स्मार्टफोन असणे बंधनकारक करणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत द्यावी.’ तीस दिवसांत एक तर आदेश हातात येईल, नाहीतर असा आदेश उपलब्ध नाही असे लेखी मिळेल. दोन्हींचा उपयोग अर्जाला जोडण्यासाठी होईल.

पासबुक :

उत्तम. अर्ज आवक-जावक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. ‘पोच व्हॉट्सॲपवर पाठवतो’ म्हणाले तर थांबून राहा.